कमलताईंचा उजवा हात

कमलताई जाधव विजेला घाबरायच्या, फटाक्यांना घाबरायच्या, भल्या सकाळी दाराची कडी वाजली तरी दचकायच्या. ऑफिसात फोन वाजला की त्यांचा हात रिसीव्हरवर क्षणभर थांबायचा आणि मगच उचलायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "वाईट बातमी असली तर तेवढाच एक श्वास सुखाचा." खरं तर आमचं ऑफिस ट्रान्सपोर्ट कंपनीचं. फोन यायचा तो सुरतेहून नाहीतर मालेगावहून, आणि पलीकडचा माणूस माल पोचला का एवढंच विचारायचा. पण कमलताईंचा तो थांबलेला हात मी रोज बघत होते.

मी खारबावहून भिवंडीला यायचे. कॉलेज नुकतंच संपलं होतं आणि ही माझी पहिली नोकरी. कमलताई चाळिशी ओलांडलेल्या, अंगानं बारीक, केसांचा घट्ट अंबाडा, मनगटावर नवऱ्याचं जुनं घड्याळ. आम्ही दोघी आणि कुंदाबाई म्हणून आणखी एक बाई, अशा तिघी खिडकीजवळच्या टेबलांवर बसून मालाच्या पावत्या बनवायचो. खिडकीखाली ट्रक उभे असायचे. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट.

कमलताईंचं घर ऑफिसपासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली यूसुफभाईंचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना. बाहेरच्या खोलीत बुद्धाची लहानशी मूर्ती, नवऱ्याचा फोटो आणि भिंतीला लावून माशांची टाकी. लोखंडी अँगलची चौकट, त्यात लांबीच्या लगद्यानं बसवलेल्या काचा. खालच्या लूमच्या धडधडीनं टाकीतल्या पाण्यावर सदानकदा बारीक सुरकुत्या असायच्या. वीज गेली की लूम थांबायचे आणि पाणी एकदम सपाट व्हायचं. तसं झालं की कमलताई हातातलं काम टाकून खिडकीशी जायच्या. आमच्या भिवंडीत आवाज थांबणं कुणालाच आवडत नसे. लूम बंद पडले होते ते दंगलीचे दिवस लोक विसरले नव्हते. वीजच गेलीय, बाकी काही नाही, अशी खात्री झाली की त्या परत येऊन बसायच्या.

टाकी नवऱ्यानं हौसेनं आणलेली. दिनकरराव वीज मंडळात होते. एका पावसाळ्यात त्यांना ताप आला. अंगावर काढला. कामावर जात राहिले, आणि डोळे पिवळे झालेले दिसले तेव्हा फार उशीर झाला होता. कमलताई हे सांगताना रडायच्या नाहीत. फक्त म्हणायच्या, "रोज समोर बसून जेवायचे गं. ताटात भात उरायचा. मी विचारलंच न्हाय का उरतोय."

त्यानंतर त्यांना बघण्याची सवय लागली असावी. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी त्या टाकीसमोर स्टूल घेऊन बसायच्या. आधी नुसतं बघायचं, मग खायला टाकायचं, मग पुन्हा बघायचं. कोण धावत वर येतो, कोण मागं राहतो, कोण तोंडात घेऊन थुंकतो. पाठीवरचा पर मिटून कोण बसलाय. श्वास कुणाचा जोरात चाललाय. मुलीला, सुनंदाला, हे सगळं पाठ झालं होतं. ती तेव्हा शिवणकाम शिकत होती. आईची नक्कल करून ती म्हणायची, "मासा वरडत न्हाय, म्हणून बघावं लागतं."

नवा मासा आणला की तो थेट टाकीत जात नसे. मोठ्या बरणीत वेगळा राहायचा. अंगावर मिठाचे कण सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले की कमलताई पाण्यात जाडं मीठ टाकायच्या आणि बरणीशेजारी बल्ब लावून पाणी कोमट ठेवायच्या. बरणीतला मासा वाचला तरी त्यांचा जीव लगेच थाऱ्यावर येत नसे. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नाही, तो पाण्यात पडून राहतो, असं त्या सांगायच्या, आणि मला उगाच माझ्या पाण्याच्या बाटलीकडे बघावंसं वाटायचं.

एकदा मी त्यांच्याकडे बसले असताना यूसुफभाई हातात तांब्या घेऊन वर आले. त्यांच्या घरीही चार गोल्डफिश होते. ते दारातूनच म्हणाले, "बहनजी, ज़रा देखो तो. इसके बदन से धागा निकल रहा है."

तांब्यातल्या माशाच्या कुशीतून खरोखरच पांढरट दोऱ्यासारखं काहीतरी लोंबत होतं. आयुष्यभर सुतात वावरलेल्या माणसाला तो दोराच वाटणार. ते बोटं पुढं करून म्हणाले, "तोड़ दूँ क्या?"

"तोडू नका," कमलताई म्हणाल्या. "तो धागा न्हाय, किडा हाय. डोकं आत रुतवून बसलाय. तोडला तर तोंड आतच राहील, जखम कुजेल."

त्यांनी ओल्या फडक्यात मासा धरला. मग चिमट्यानं किडा अगदी मुळाशी पकडून हळू ओढला. तो निघाला तेव्हा टोकाला नांगरासारखे आकडे दिसले. जखमेवर त्यांनी कापसानं जांभळं औषध लावलं. यूसुफभाई घाम पुसत म्हणाले, "मेरे को तो चक्कर आ गया." कमलताई म्हणाल्या, "मला पण." आणि खरंच त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

त्या वर्षी दिवाळीच्या आधीच टाकीतले एंजल मासे झिजायला लागले.

सुरुवातीला एकच झिजत होता. चंदेरी, काळ्या पट्ट्यांचा, टाकीतला सगळ्यात मोठा. तो खायला वर यायचा, पण मागाहून. पोट आत गेलं. मग पाठीचा कणा वाकला, म्हाताऱ्या माणसासारखा. रंग उडाला. कमलताईंनी मीठ करून पाहिलं, निळं औषध करून पाहिलं, पाणी बदललं. कशानं फरक पडला नाही. मग दुसरा झिजायला लागला. तिसऱ्याच्या कुशीला न भरणारी जखम झाली. त्या ऑफिसात येऊन सांगायच्या, "लता, हे मला ओळखू येत न्हाय. किडा असला तर दिसतो. ठिपका असला तर दिसतो. हे आतून चाललंय."

शेवटी त्यांनी टाकी रिकामी केली. उरलेले मासे बादलीत ठेवले आणि आत हात घालून काचा, वाळू, दगड, सगळं घासून काढलं. तेव्हा चौकटीच्या गंजलेल्या अँगलनं उजव्या हाताचं मधलं बोट सोलवटलं. त्यांनी हळद लावली आणि विसरून गेल्या.

काही आठवड्यांनी त्या बोटावर एक गाठ आली. वाटाण्याएवढी, जांभळट. फार दुखत नव्हती. फोड असेल म्हणून पोटीस बांधलं. गाठ फुटली, थोडं पाणी आलं, पण भरली नाही. मग हाताच्या पाठीवर दुसरी आली. मग मनगटाच्या वर तिसरी. बोटापासून कोपराकडे, ओळीनं, जणू आत काहीतरी एकेक पायरी चढत होतं. कमलताईंनी घड्याळ डाव्या हातात घातलं आणि पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज शिवून घेतले. सुनंदानंच शिवून दिले. डिसेंबरातही दुपारी उकडायचं, पण त्या बाही वर करत नसत.

ओळखीच्या डॉक्टरांनी दोनदा गोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा त्यांनी गाठ दाबून विचारलं, "इथं स्पर्श कळतो ना?" आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात त्वचारोगाच्या विभागात दाखवा, अशी चिठ्ठी दिली. रोगाचं नाव त्यांनी घेतलं नाही. पण स्पर्श कळतो का, हे डॉक्टर कशासाठी विचारतात, ते महारोगाच्या पाट्या वाचून आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बातमी ऑफिसात कशी पोचली कोण जाणे. दुपारी आम्ही तिघी एकत्र जेवायचो, डबे मध्ये ठेवून. कमलताईंची सुकटीची चटणी कुंदाबाईंना फार आवडायची. एक दिवस कुंदाबाई म्हणाल्या, माझा उपास आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, पोट बरं नाही. त्यानंतर त्या दुसऱ्या टेबलावर बसायला लागल्या. कुंदाबाई वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या घरी लहान नातू होता आणि त्या घाबरल्या होत्या, इतकंच.

मग एका सकाळी माठाच्या बाजूला खिडकीत एक वेगळा स्टीलचा पेला दिसला. त्याच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका होता. तो कुणी ठेवला, कुणासाठी ठेवला, कुणीच बोललं नाही. कमलताई पाणी प्यायला उठल्या, माठापाशी गेल्या, त्यांनी तो पेला पाहिला. आपण काही बघितलंच नाही अशा थाटात त्या परत आल्या आणि पावती लिहायला लागल्या. संध्याकाळपर्यंत त्या पाणी प्यायल्या नाहीत.

घरी जाताना त्या मला म्हणाल्या, "आमच्या आजीला पाणी वरून वाढायचे. वंजळ धरायची आणि वरून धार. आईनं ते बघितलं. मी न्हाय बघितलं. माझ्या वाट्याला ते न्हाय आलं म्हणून मी बुद्धापुढं हात जोडायचे." थोडं चालून पुढं म्हणाल्या, "आता त्यांचं तरी काय चुकतं? मला खरंच रोग आसंल तर?"

मी घरी हे सगळं सांगितलं तर माझी आई चुलीसमोरून म्हणाली, "तिच्यासंग खाव नको गो. माया वेगली, रोग वेगला." मी त्यांच्यासोबत जेवत राहिले. पण प्रत्येक घासाला मला भीती वाटायची, हेही खरं. रोज आंघोळ करताना मी माझे हात उलटेसुलटे करून बघायचे.

याच दिवसांत सुनंदाला बघायला कल्याणची माणसं येणार होती. मुलगा रेल्वेत होता. स्थळ चांगलं, बोलणं बरंच पुढं गेलेलं. कमलताईंनी मला बोलावून घेतलं, मदतीला म्हणून. खरं तर एकटीला धीर होत नव्हता. पाहुणे आले. पोहे झाले, सुनंदानं शिवलेले कपडे दाखवून झाले. मुलाची आई मोकळ्या स्वभावाची होती. चहाचा कप घेताना तिनं कमलताईंचा हात सहज धरला आणि म्हणाली, "ताई, एवढ्या उकाड्यात फुल बाही?"

मला वाटलं, कमलताई काहीतरी सबब सांगतील. थंडी वाजते, भाजलंय, काहीही. सुनंदा त्यांच्याकडे टक लावून बघत होती. कमलताईंनी हात सोडवून घेतला आणि बाही कोपरापर्यंत वर केली.

"हे काय हाय ते अजून कळलं न्हाय," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की खालच्या लूमच्या आवाजात तो जेमतेम ऐकू आला. "मुंबईला दाखवायचंय. तुम्ही कळेपर्यंत थांबा. पोरगी चांगली हाय, तिला काय न्हाय. पण लपवून मी देणार न्हाय."

पाहुणे फार नम्रपणे उठले. कळवतो म्हणाले. चहा कपांत तसाच राहिला. दार लागल्यावर सुनंदा आईवर ओरडेल असं मला वाटलं होतं. ती कप गोळा करून मोरीत घेऊन गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

मुंबईला मी त्यांच्यासोबत गेले. हॉस्पिटलच्या लांब बाकावर आम्ही सकाळपासून बसलो होतो. समोरच्या बाकावर बोटं झडलेला एक म्हातारा बसला होता. कमलताईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग त्या आपल्या चपलांकडेच बघत राहिल्या. माझा हात त्यांनी डाव्या हातानं धरला होता. उजवा पदराखाली.

डॉक्टर पन्नाशीचे, थकलेले, पण घाई न करणारे होते. त्यांनी कापसाचा बोळा आणि टाचणी घेतली आणि कमलताईंना डोळे मिटायला सांगितलं. बोट, मनगट, कोपर, सगळीकडे टोचून बघितलं. "कळतंय?" "कळतंय." "आणि इथं?" "कळतंय. दुखतंय." प्रत्येक वेळी कळतंय म्हणताना त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"बधिरपणा कुठंच नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला ज्याची भीती वाटतेय ते हे नसावं. पण तपासल्याशिवाय मी सांगणार नाही." मग त्या ओळीनं चढलेल्या गाठींवर बोट फिरवत त्यांनी विचारलं, "काम काय करता? शेतात जाता? मासे साफ करता?"

"न्हाय साहेब, ऑफिसात असते. मासे साफ करत न्हाय." कमलताई थांबल्या. "पाळते."

डॉक्टरांनी मान वर केली. "काचेच्या टाकीत?"

"हो."

"त्यात हात घालता? कधी खरचटलं होतं?"

कमलताईंनी मधलं बोट पुढं केलं. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "मासे आजारी होते का?"

मग त्या बोलायला लागल्या. कोणता आधी मागं राहिला, पोट कसं आत गेलं, कणा कसा वाकला, कुशीची जखम कशी भरेना, मिठाला दाद दिली नाही, निळ्या औषधाला दिली नाही. डॉक्टर मध्ये न बोलता ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माशांना क्षयासारखा एक रोग होतो, बाई. त्याचे जंतू खरचटल्या हातातून माणसाच्या कातडीत शिरू शकतात. फार कमी लोकांना होतो. मला तोच संशय आहे."

क्षय हा शब्द ऐकून त्या आणखीच भेदरल्या. "म्हणजे टीबी? माझ्या पोरीला लागंल?"

"नाही. हा माणसाकडून माणसाला लागत नाही. तुमच्या हातचं खाऊन लागत नाही, एका पेल्यात पाणी पिऊन लागत नाही." त्यांना पेल्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. ते आपलं बोलण्याच्या ओघात म्हणाले. कमलताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला महिना-दीड महिना लागला. तो महिना मोठा कठीण गेला. डॉक्टरांचा नुसता संशय होता, खात्री नव्हती, आणि कमलताई संशयाची वाईटच बाजू धरून बसायच्या. टाकी पुन्हा भरलीच नव्हती; बादलीतले दोन मासे अजून जिवंत होते. हातात रबरी मोजे घालून, लांब काडीनं त्या त्यांना खायला टाकायच्या. ते खाडीत सोडून दे असं कुणीतरी सुचवलं. त्या म्हणाल्या, "खाडीतलं मासं लताच्या गावची माणसं खातात. मी न्हाय सोडणार." एकेक करून ते मेले, तेव्हा इमारतीमागच्या मोकळ्या जागेत खोल खड्डा करून, वर चुना टाकून त्यांनी पुरले. यूसुफभाईंनी खड्डा खणून दिला. टाकी भंगारवाल्यालाही दिली नाही. काचा फोडून त्याही तिथंच पुरल्या.

रिपोर्टमध्ये डॉक्टर म्हणाले तेच निघालं.

औषध पुष्कळ महिने चाललं. गोळ्यांनी लघवी लालसर झाली तेव्हा त्या धावत माझ्याकडे आल्या. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी बघितल्यावर भीती वाटलीच. हळूहळू गाठी बसल्या. बोटापासून कोपरापर्यंत तपकिरी डागांची ओळ मागं उरली. कल्याणच्या माणसांना मध्यस्थाकरवी निरोप पाठवला, पण त्यांनी तोवर दुसरीकडे जमवलं होतं. सुनंदा म्हणाली, "बरं झालं. तिथं मी रोज बाही वर करून दाखवत बसले असते." दोन वर्षांनी तिचं नाशिकला लग्न झालं.

रिपोर्ट आल्यावर लाल ठिपक्याचा पेला एका सकाळी दिसेनासा झाला. दुपारी कुंदाबाई आपला डबा घेऊन आमच्या टेबलावर आल्या. त्यांनी घावण आणले होते. डबा उघडून त्यांनी मध्ये सरकवला. मग कुंदाबाई म्हणाल्या, "कमल, माझा नातू लहान आहे गं." कमलताई म्हणाल्या, "माहीत हाय मला." त्यांनी घावण घेतला, खाल्ला, चांगला झालाय म्हणाल्या. पण स्वतःचा डबा त्यांनी नंतर कधीच मध्ये ठेवला नाही. मांडीवर ठेवून जेवायच्या. मी मागितलं तर चमच्यानं माझ्या डब्यात वाढायच्या. त्यांची सुकटीची चटणी कुंदाबाईंनी पुन्हा मागितली नाही आणि कमलताईंनी दिली नाही.

पुढं माझं लग्न झालं, मी ती नोकरी सोडली. कमलताई काल्हेरला नव्या बिल्डिंगीत राहायला गेल्याचं कानावर आलं. तिकडे गोडाऊनं उठत होती, त्यातल्याच एका ऑफिसात त्या काम करत होत्या.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाशेवटाला मी एकदा भिवंडीत बाजारासाठी गेले होते. मंडईच्या वाटेवर माशांचं नवं दुकान उघडलं होतं. काचेच्या टाक्या एकावर एक, प्रत्येकीत ट्यूबलाइट. दुकानाबाहेर, फुटपाथच्या कडेला, एक बारीकशी बाई उभी होती. केस पांढरे झालेले. उन्हाचे दिवस होते, अर्ध्या बाहीचा ब्लाऊज, आणि उजव्या हातावर ती डागांची ओळ. मी हाक मारणार होते, पण त्या इतक्या एकाग्र होत्या की मी थांबले.

दुकानात एक तरुण जोडपं मासे निवडत होतं. त्यातल्या तरुण बाईनं काचेवर बोट ठेवून दुकानदाराला विचारलं, "ये वाला कितने का?" दुकानदार जाळी घेऊन पुढं झाला.

कमलताई दुकानाच्या तीन पायऱ्या चढून वर गेल्या. काचेला हात लावला नाही. थोड्या लांबून, मान वाकडी करून त्यांनी त्या माशाकडे पाहिलं. मग त्या बाईला म्हणाल्या, "हा घेऊ नका. याचं पोट बघा, आत गेलंय. जवळचे दोन पण घेऊ नका."

दुकानदार चिडला. "मौसी, आपको लेना है क्या? नहीं लेना तो जाओ ना."

कमलताई दचकल्या. ती जुनी दचक मी लांबूनही ओळखली. त्या एक पायरी खाली उतरल्या. मग तिथंच थांबल्या, कठड्याला धरून. दुकानदार बडबडत होता, मागून रिक्षा हॉर्न देत होती, आणि त्या हलल्या नाहीत. ती बाई नवऱ्याकडे बघत होती आणि मग कमलताईंकडे.

"तुम्ही बघा," ती म्हणाली. "यातला कोणता बरा आहे, तुम्ही सांगा."

कमलताईंनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि त्या पुन्हा टाकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.